बोनेटची बिजागरी : चकलांब्यापर्यंत आलेल्या भंगाराचा इतिहास

कापूस, तूर, बाजरीच्या नोंदी आपण इथे नेहमीच वाचता. आजची नोंद ट्रकच्या बोनेटच्या बिजागरीची आहे. गेल्या हंगामात आमच्या जुन्या नाकवाल्या ट्रकला भंगारातले भाग जुळवून नव्या बिजागऱ्या करून घेतल्या. काम दीड दिवसाचं. पण मिस्त्रीच्या पत्र्याखाली बसून ते काम बघताना एक प्रश्न डोक्यात बसला, की हे सगळे जुने भाग आपल्या गावात आले कुठून? शोधत गेलो तर धागा निजामाच्या बसपर्यंत आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत गेला. शेवटी माझं मत असं झालं की आपल्या भागात मोटारगाडी नवी कोरी अशी फार कमी वेळा आली. ती आली ती आधी कुणाची तरी चाकरी करून, आणि इथे टिकली ती सुटे भाग जुळवणाऱ्या लोहारामुळे.

आधी बिजागरीचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. बोनेट म्हणजे इंजिनावरचं झाकण. अगदी सुरुवातीच्या मोटारींत हे झाकण मधोमध दुमडायचं. इंजिनाच्या लांबीभर एक सळईची बिजागरी, आणि दोन्ही बाजूंचे पत्रे पाखरानं पंख उचलावेत तसे वर व्हायचे. डावीकडचं काम असेल तर डावा पंख उचला, उजवीकडचं असेल तर उजवा. १९३० नंतरच्या काळात हळूहळू एकसंध झाकण आलं. त्याच्या बिजागऱ्या मागे, काचेच्या खाली, आणि झाकण पुढून उघडतं. अमेरिकेत लोक त्याला मगरीचा जबडा म्हणायचे, आणि उघडलेल्या ट्रककडे समोरून पाहिलं तर नाव बरोबर वाटतं.

मागे बिजागरी असली की माणूस बंपरवर पाय देऊन सरळ इंजिनात वाकतो. रस्त्याच्या कडेला, अंधारात, एका हातात बॅटरी धरून काम करायला ही सोय मोठी. तोटाही तिथेच आहे. पुढचा खटका निसटला की वारा खालून शिरतो आणि झाकण उचलून काचेवर आपटतो. बिजागरी पुढे असती तर वाऱ्यानं झाकण उलट दाबूनच धरलं असतं. वाऱ्याचा जोर किती असतो याचा हिशोब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाला समोरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण १७ किलोचा दाब देतो. ८० च्या वेगाला तोच दाब ३० किलोच्या घरात जातो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. त्यात समोरून वादळी वारा असेल तर तो वेगळा. म्हणून पुढचा खटका आणि मागच्या बिजागऱ्या या दोन्हींवर ड्रायव्हरची नजर पाहिजे, नुसती ब्रेकवर नाही.

आता इतिहासाकडे येऊ. चकलांबा गेवराई तालुक्यात, नगर जिल्ह्याच्या म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या शिवेजवळ. परळी सोडली तर आपल्या जिल्ह्याला रेल्वेचं सुख कधी मिळालं नाही. बीड शहरापर्यंत रेल्वे यायला २०२५ उजाडलं. म्हणजे आपल्याकडे बियाणं येणार, खत येणार, सिमेंट येणार, आणि कापूस जाणार, ते सगळं रस्त्यानंच. आधी बैलगाडीनं, मग ट्रकनं. रेल्वे असलेल्या जिल्ह्यात ट्रक बंद पडला तर अडचण होते. आपल्याकडे ट्रक बंद पडला तर हंगामच अडतो. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय आपल्या मिस्त्री लोकांची किंमत कळत नाही.

१९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या राज्यात रेल्वेखात्यानंच १९३२ च्या जून महिन्यात रस्त्यावरची बससेवा सुरू केली. गाड्या होत्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. त्या काळची एक अल्बियन बस आजही हैदराबादेत जपून ठेवलेली आहे. पण ही मोठ्या रस्त्यांची गोष्ट झाली. आपल्यासारख्या आडवळणाच्या गावाला त्या काळी चाक म्हणजे बैलगाडीचं चाक, आणि त्याचा डॉक्टर म्हणजे लोहार. त्याच्याकडे नंतर येतो.

खरा बदल झाला तो दुसऱ्या महायुद्धानं. विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून त्या युद्धात सहा लाखांवर जीपगाड्या बनवल्या. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी अमेरिकेचं सैन्य भारतात होतं, त्यामुळे जीप, ट्रक, टायर, इंजिनं असा प्रचंड माल आपल्या देशात होता. लढाई १९४५ ला संपली आणि हा माल परत नेण्यापेक्षा विकून टाकणं स्वस्त पडलं. सरकारी भाषेत त्याला डिस्पोजल म्हणत. आपल्याकडची जुनी माणसं अजूनही लष्करी घोंगडी, डबा, पट्टा, काहीही असो, त्याला डिस्पोजलचा माल म्हणतात. तो शब्द तिथून आला. फिलिपाइन्स देशात असंच झालं. अमेरिकी सैन्यानं सोडलेल्या जीपांना लोकांनी मागून लांब केलं, छत घातलं, बाक बसवले आणि प्रवासी गाडी केली. जीपनी नावाची ती गाडी त्या देशाची ओळख झाली. आपल्या काळ्या-पिवळ्या जीपची ती थोरली बहीणच म्हणा.

जीपच्या बोनेटची गंमत बघण्यासारखी आहे. मागे काचेखाली आडवी लांब बिजागरी, आणि समोर दोन्ही मडगार्डांवर एक एक हूक. चावी नाही, तार नाही, आतून ओढायचा दांडा नाही. दोन हूक उचला, झाकण मागे काचेवर टेका, इंजिन समोर उघडं. बोनेटवर लाकडाचे दोन ठोकळेही असायचे. काच पुढे पाडली की ती त्या ठोकळ्यांवर विसावायची. लढाईत, चिखलात, अंधारात शिपायालाही उघडता यावं असा विचार त्यामागे होता. मला वाटतं आपल्या खेड्यात जीप इतकी रुजली त्याचं निम्मं कारण या दोन हुकांत आहे. जी गाडी उघडता येते ती दुरुस्त करता येते.

मुंबईत १९४५ च्या सुमारास महिंद्र आणि मोहम्मद नावाची कंपनी निघाली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात या कंपनीनं सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली. पुढे जी जीप भारतात पिढ्यानपिढ्या चालली ती उंच बोनेटची, सीजे-३बी. बोनेट उंच का? कारण तिच्यात बसवलेलं नवं इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं, जुन्या झाकणाखाली मावत नव्हतं. म्हणजे बघा, इंजिन उंच झालं म्हणून कारखान्यालाच झाकण वर उचलावं लागलं. आपल्या मिस्त्रींनी नंतर हेच काम गावोगाव केलं. पेट्रोल परवडेना म्हणून जुन्या जीपांत डिझेल इंजिनं बसवली गेली, ती उंचीला जास्त, मग बोनेट घासायला लागलं. उपाय काय? बिजागरीखाली पट्टीचा तुकडा घालून झाकण बोटभर वर घ्यायचं. गेवराईच्या स्टँडवर उभ्या असलेल्या जीपांपैकी कितीतरी गाड्यांचं बोनेट मागून असं उचललेलं असायचं. लहानपणी वाटायचं ती फॅशन आहे.

ट्रकच्या बाबतीत आपला सोलापूर जिल्हा पुढे होता असं म्हणायला हरकत नाही, कारण वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला, आणि तिथून डॉज, फार्गो नावाचे ट्रक निघायचे. मग १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपुरात लांब नाकाचे डिझेल ट्रक बनू लागले. नाकावर तीन टोकांचा तारा. १९६९ ला करार संपला, ताऱ्याच्या जागी टाटांचं चिन्ह आलं, पण आपल्याकडचे जुने ड्रायव्हर कितीतरी वर्षं मर्सिडीजच म्हणत राहिले. आज कुणी मर्सिडीज म्हटलं की पोरांना चकाचक कार आठवते. आमच्या तात्यांना ऊस आणि खताची पोती आठवतात.

एसटीचाही या भंगाराच्या इतिहासात मोठा वाटा आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली हे सगळ्यांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की त्या सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्ड, शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड अशा नाना कंपन्यांच्या गाड्या होत्या. एकीचा भाग दुसरीला बसेना. अशा ताफ्याला चालतं ठेवायचं म्हणजे कार्यशाळेत रोज जुळवाजुळव. १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि इकडची बससेवाही त्या महामंडळाच्या अंगाला लागली. दापोडी, औरंगाबादजवळचं चिकलठाणा आणि नागपूरचं हिंगणा इथे एसटीच्या मोठ्या कार्यशाळा. नुसती चासी आणून तिच्यावर बसचा सांगाडा तिथेच चढवायचा. मराठवाड्यात पत्राकाम, रिव्हेट, बिजागरी यांचं शहाणपण पसरलं ते अशा ठिकाणांहून, असं माझं मत. कार्यशाळेत उमेदवारी केलेला एखादा माणूस गावाकडे येऊन दुकान टाकतो, त्याच्या हाताखाली दोन पोरं शिकतात, आणि विद्या पुढे जाते. आमच्या मिस्त्रीचे गुरू असेच चिकलठाण्याहून आलेले होते. आणि मोडीत निघालेल्या बसांचा लिलाव झाला की तिथले पत्रे, खिडक्या, बिजागऱ्या गावोगावच्या भंगारवाल्यांकडे. आपल्या किती गोठ्यांना एसटीची खिडकी आहे ते एकदा मोजा.

दुसरी मोठी वाट नगरची. नगर हे लष्कराचं गाव. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथे, वाहन संशोधनाची संरक्षण खात्याची संस्था तिथे, १९९४ पासूनचं रणगाड्यांचं संग्रहालय तिथे. जबलपूरला बनलेले शक्तिमान ट्रक, जोंगा गाड्या सैन्यातून निवृत्त झाल्या की लिलावात निघायच्या. हिरवा रंग खरवडलेला शक्तिमान मी स्वतः लहानपणी पाथर्डीच्या बाजारात पाहिलाय. लष्करी गाडीचा पत्रा जाड, पिन जाड, हूक जाड. मिस्त्री लोक त्या मालाला वेगळा भाव द्यायचे.

मग ट्रकला आपल्याकडे काम कसं मिळालं? १९७२ चा दुष्काळ आठवा, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. सुकडी, खडी फोडणं, रस्त्याचं काम. दुष्काळानं माणसं मोडली, पण त्या कामांतून पाझर तलाव झाले आणि गावोगाव मातीचे, खडीचे रस्ते झाले. त्याच वर्षाच्या आसपास कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि कापूस ठरलेल्या केंद्रावर न्यायची वेळ आली. १९७६ ला पैठणच्या नाथसागराचं उद्घाटन झालं. उजव्या कालव्याचं पाणी गेवराई-माजलगावकडे आलं, ऊस वाढला, गढीला साखर कारखाना उभा राहिला. रस्ता झाला, माल झाला, ट्रक आला. तो ट्रक मुंबई-पुण्याला दहा-बारा वर्षं राबून आलेला असायचा. नवा घ्यायची ऐपत कुणाची?

आणि ऊसतोड. दिवाळीच्या मागेपुढे आपल्या जिल्ह्यातून लाखोंनी माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. उचल घेतलेली, लेकरं, कोंबड्या, पत्र्याच्या पेट्या, सगळा संसार ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांमध्ये. रात्रीचा प्रवास. या गाड्यांचं बोनेट रस्त्यात उघडलं तर ड्रायव्हरला समोर काहीच दिसत नाही, आणि मागे पन्नास जीव बसलेले. मला बिजागरीवर एवढं लिहावंसं वाटलं त्याचं खरं कारण हे आहे. ब्रेक, टायर, लाइट यांची चौकशी मुकादम करतात. झाकणाकडे कुणी बघत नाही, कारण ते झाकण आहे.

कोयत्यावरून आठवलं. तो कोयताही ट्रकचाच असतो. ट्रकचा कमानपाटा तुटला की त्याचं पान लोहाराकडे जातं. ते पोलाद चिवट, धार धरणारं. त्याचेच कोयते, विळे, कुऱ्हाडी होतात. म्हणजे ऊस तोडणारा कोयता आणि ऊस वाहणारा ट्रक एकाच हाडाचे. ट्रकचा आस टायरगाडीला, ट्यूब विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांना, मडगार्डचा पत्रा गव्हाणीला. आपल्याकडे ट्रक मरत नाही, वाटला जातो.

आता लोहाराकडे. लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवायची हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं लगेच समजेल. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, शेणकुटांच्या आरात लाल करायची, तापून ती फुगते, मग चाकावर बसवून पाणी ओतायचं. थंड होताना ती आवळते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळं एकजीव होतं. खिळा न मारता. आमचा मिस्त्री लोहाराच्या घरातला. बिजागरीच्या झिजलेल्या भोकात त्यानं पितळी नळी बसवली ती अगदी याच अकलेनं. बिजागरीचा डोळा तापवला, थंड नळी ठोकून घातली, आणि निवल्यावर ती हलेना. मी विचारलं, "मिस्त्री, हे कुठं शिकलात?" म्हणाला, "आज्यानं धावा चढवल्या, मी बुश चढवतो. आग तीच हाय, भाऊ."

घिसाडी लोकांनाही विसरता येत नाही. गाढवांवर, पुढे गाड्यांवर बिऱ्हाड, भाता, ऐरण घेऊन गावाबाहेर पाल टाकायचे. घरातली बाई घण मारायची, पुरुष सांडशी धरायचा. कमानपाट्याला मऊ कसं करायचं, म्हणजे लाल करून राखेत हळूहळू निववायचं, आणि परत कडक कसं करायचं, ही विद्या आपल्या भागात त्यांच्याकडून आली. पाट्याच्या पानाला तसंच भोक पाडायला जा, ड्रिलची तीन टोकं जातील.

आमच्या ट्रकचं काय झालं ते सांगतो. गाडी घेतली तेव्हाच बिजागऱ्या झिजलेल्या होत्या, ते माहीत होतं, भाव त्यावरच तुटला होता. पिन ८ मिलिमीटरची, आणि भोक घासून घासून लंबगोल झालेलं. त्यामुळे झाकण एका बाजूला बसायचं आणि खड्ड्यात खडखड करायचं. कापसाच्या हंगामात गेवराईला जाताना उजवी बिजागरी तडकली. गाडी हळू होती, झाकण तिरकं झालं एवढंच. चऱ्हाटानं बांधून गेवराई केली. दुकानांत विचारलं तर त्या नमुन्याचा माल येणं केव्हाच बंद झालेलं.

मिस्त्रीनं तीन गाड्यांचे भाग काढले. बिजागरीचे हात एका मोडलेल्या टेम्पोचे. खालची बैठक ट्रॉलीच्या फाळक्याची, कारण फाळक्याची बिजागरी रोज आदळआपट सहन करायला केलेली असते, तिची पिन १२ मिलिमीटरची. आणि पुढे खटक्याच्या जोडीला जुन्या जीपचे दोन हूक, मडगार्डावर दोन्हीकडे. म्हणजे आतला खटका निसटला तरी हूक धरतील.

कामातली जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली ती अशी. दोन बिजागऱ्या एका रेषेत नसतील तर दोन्ही एकमेकींशी भांडतात. झाकण उघडतं, पण दर वेळी पत्रा पिळला जातो आणि काही महिन्यांत बिजागरीपाशी चीर पडते. लोक म्हणतात पत्रा खराब होता. मिस्त्रीनं काय केलं, एकच लांब सरळ सळई दोन्ही बिजागऱ्यांतून आरपार घातली आणि तशाच अवस्थेत दोन्ही बैठकांना वेल्डिंगचा एक एक टाका मारला. मग सळई काढून पिना घातल्या, झाकण बसवलं, दहा वेळा उघडझाप केली, चारी बाजूंची फट बोटानं तपासली, आणि मगच पक्कं वेल्डिंग. तेही फक्त जाड लोखंडावर. बोनेटच्या पत्र्याला त्यानं वेल्डिंग लावलंच नाही. बोनेटचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर. त्याला आग लावली की तो सुरकुततो आणि वेल्डिंगच्या कडेनंच फाटतो. आतून ३ मिलिमीटरची पट्टी, मध्ये जुन्या ट्यूबचं रबर, आणि नटबोल्ट. बोल्टची भोकं लांबट ठेवली, म्हणजे पुढेमागे झाकण बोटभर सरकवता येतं. वेल्डिंगआधी बॅटरीची अर्थिंगची वायर काढली आणि डिझेलच्या नळीवर ओलं पोतं टाकलं. शेवटी प्रत्येक पिनेवर बारीक भोक, तेलाचे दोन थेंब टाकायला. सगळा खर्च १,८०० रुपये, त्यात मजुरीच जास्त.

असं काम करणाऱ्या माणसाचं नाव क्वचितच कुठे येतं. एकदा आलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी जुन्या गाड्यांच्या भागांतून एक छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्र यांनी ती गाडी नियमांत बसणार नाही हेही सांगितलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी ती घेतली. आडनाव लोहार, हे मला फार बोलकं वाटतं.

नियमांचं बोलायचं तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे. आरसीवर लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कारखान्याच्या मूळ रचनेबाहेर जाऊ नका असंच सांगितलं. इंजिन किंवा चासी यांना हात लावायचा तर आधी आरटीओची परवानगी. बिजागरीचा उल्लेख आरसीवर नसतो, पण फिटनेसला गाडी नेल्यावर बाहेर आलेली धारदार पट्टी, न मिटणारं झाकण दिसलं तर अडवणार, आणि अडवावं. रस्त्यावर पायी चालणारा माणूसही आपलाच असतो.

भंगाराच्या वाटा मात्र आता बदलल्या. नाशिकचा अंबड-सातपूर लिंक रोडवरचा मोठा भंगार बाजार जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेनं हटवला. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी खात्यांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी चालू ठेवायची नाही आणि त्यांची मोड नोंदणीकृत केंद्रातच करायची, असा नियम आला. धूर ओकणाऱ्या, ब्रेक नसलेल्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात हे मला पटतं. पण तहसीलची जीप, पंचायत समितीची गाडी लिलावात घेऊन तिचे शंभर तुकडे गावात जिरवणारा भंगारवाला या साखळीतून बाहेर पडतोय, हेही दिसतंय. आमच्या मिस्त्रीकडे दहा वर्षांपूर्वी बिजागऱ्यांनी भरलेली भिंत होती. आता दोन ओळी उरल्यात.

त्या दोन ओळींची गरज मात्र संपलेली नाही. २०१३ चा दुष्काळ, २०१६ चा, २०१९ चा. तिन्ही वेळा जिल्हा टँकरवर जगला. टँकर म्हणजे तरी काय, बहुतेक ठिकाणी जुन्या ट्रकच्या चासीवर बसवलेली टाकी. ट्रकची शेवटची नोकरी. गाडी तापली की दर खेपेला बोनेट उघडायचं, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, पुन्हा मिटायचं. दिवसातून आठ-दहा वेळा. सगळ्यात जास्त झिजलेल्या बिजागऱ्या मिस्त्रीनं पाहिल्या त्या टँकरच्या, असं तो सांगतो. आणि टँकर एक दिवस आला नाही तर एका वस्तीचे हंडे रिकामे राहतात.

सध्या त्याच्या दारात अशाच एका टँकरचं बोनेट उतरवून ठेवलंय. हात आहेत, फाळक्याच्या बैठका आहेत, पितळी नळी आहे. जीपचा उजव्या बाजूचा हूक मिळाला, डावा मिळत नाही. जुन्या जीपचं मडगार्ड कुणाच्या गोठ्यात, वाड्यात पडलं असेल तर भंगारात घालायच्या आधी डाव्या बाजूला बघा. हूक असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.